हिवाळ्याच्या चित्रात बर्फच कशाला?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत, थंडीच्या दिवसांत रोज एक जलरंगातले निसर्गचित्र करावे, असे सुचवणारा लेख प्रसिद्ध झाला आहे. चित्र लहान असावे, ते एका बैठकीत संपवावे, चांगले झाले की वाईट याचा हिशेब त्याच दिवशी मांडू नये, हे त्यातले सगळे सांगणे योग्यच आहे आणि आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माझ्यासारख्याला ते वाचून बरे वाटले. खटकले ते पुढचे. लेखासोबत छापलेल्या चारही नमुनाचित्रांत बर्फ आहे: बर्फाच्या ओझ्याने वाकलेली सूचिपर्णी झाडे, उतरत्या छपराचे लाकडी घर, खिडकीत पिवळा उजेड. त्याच पुरवणीच्या बालविभागात ‘हिवाळा’ या विषयावर आलेली मुलांची चित्रेही तशीच असून, त्यांखाली छापलेल्या गावांची नावे मात्र बार्शी, फलटण आणि चाळीसगाव अशी आहेत. इंटरनेटवरून एखादे ‘संदर्भचित्र’ उतरवून घ्यावे आणि त्यावरून रोज सराव करावा, असा सल्ला लेखकाने दिला आहे. माझा आक्षेप या सल्ल्याला आहे. रोज चित्र करायचे असेल तर ते डोळ्यांसमोरच्या हिवाळ्याचे करावे, दुसऱ्याने दुसऱ्या देशात टिपलेल्या हिवाळ्याचे करू नये, एवढेच मला म्हणायचे आहे. पण त्यामागची कारणे थोडी तपशिलाने मांडू द्यावीत, ही विनंती.

बर्फाचे चित्र जलरंगात इतके लोकप्रिय का, हे आधी समजून घेतले पाहिजे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो. बर्फाच्या चित्रात अर्धा कागद सोडला तरी चालतो. वर निळसर आकाशाचा एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, मध्ये झाडांची गडद रांग, खाली दोन निळ्या सावल्या, की चित्र उभे राहते. वॉश ओला असताना मीठ भुरभुरले की हिमकणांसारखे ठिपके उमटतात, ही युक्ती तर डिसेंबर लागला की प्रत्येक व्हिडिओत दिसते. (मीठ टाकून मिळालेला परिणाम पहिल्यांदा पाहताना मौज वाटते, पुढे तो कोणाच्याही कागदावर सारखाच दिसतो, हे लक्षात येते.) नवशिक्याला लवकर यश देणारे हे विषय आहेत आणि त्यात काही गैर नाही. पण रोजचा सराव हा डोळ्यांना वळण लावण्यासाठी असेल, तर ज्या चित्रात पाहण्यासारखे काही उरलेलेच नाही ते सलग महिनाभर करून हाती काय लागणार?

ज्यांच्या दारात खरोखर बर्फ पडतो, त्यांनी तो जरूर रंगवावा. टोरांटोला किंवा मिनेसोटात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला खिडकीबाहेर सहा-सहा इंच बर्फ दिसत असेल तर त्याने पळस काढत बसावे, असे मी म्हणणार नाही. कुलू खोऱ्यातल्या नग्गरला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी निकोलस रोरिक यांचे घर पाहिलेले असते. रशियातून आलेला हा चित्रकार १९२८ पासून १९४७ मध्ये निधन होईपर्यंत तिथे राहिला आणि समोरच्या हिमशिखरांची चित्रे करीत राहिला. त्यांचे माध्यम टेंपेरा, म्हणजे चिकट द्रव्यात कालवलेला अपारदर्शक रंग, हे होते, जलरंग नव्हे. पण ती शिखरे त्यांच्या अंगणातून दिसत होती, हा मुद्दा महत्त्वाचा. कडक थंडीच्या देशांत जागेवर बसून काम करणाऱ्या जलरंगकारांचे पाणी ब्रशवरच गोठते, म्हणून ते पाण्यात थोडे मद्य मिसळतात. आपल्याकडे असली अडचण नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात एखाद्या रात्री दव गोठते, तेवढाच काय तो आपला हिमकण. आणि त्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘मिनी काश्मीर’ हा मथळा ठरलेला असतो, ही खोडी मी काढली तर आपण रागावणार नाही अशी आशा आहे.

मी वाईत राहतो. पुढचे जे लिहितो आहे ते या खोऱ्यापुरते आहे, पण सातारा, पुणे, नाशिक, अहिल्यानगर अशा घाटमाथ्याला लागून असलेल्या कुठल्याही गावच्या वाचकाला ते थोडेफार ओळखीचे वाटेल. आपला हिवाळा पांढरा नाही, तो पिवळ्याचा आहे, आणि हा पिवळा रोज बदलतो. दिवाळीपर्यंत डोंगरउतारावर हिरवट झाक असते. मार्गशीर्षात कुसळी गवताच्या काड्यांवर तांबूस रंग चढतो. त्या वेळी यलो ऑकर या मातकट पिवळ्यात लाइट रेड या विटकरी तांबड्याचा थेंब घातल्याशिवाय पांडवगडाचा उतार साधत नाही. पौष सरता सरता तांबूसपणा उडून जातो आणि माघात तोच उतार वाळल्या कडब्यासारखा फिका, जवळजवळ रंगहीन होतो. त्यानंतर वणवे लागतात आणि उतारावर काळे पट्टे उमटतात. पर्यावरणाच्या दृष्टीने ते वाईटच, आणि त्यांतले बरेचसे माणसानेच लावलेले असतात. पण चित्र काढणाऱ्याला ते काळे पट्टे गाळून डोंगर रंगवण्याची मुभा नसावी. आपल्या पंचांगाने थंडीचे हेमंत आणि शिशिर असे दोन ऋतू केले आहेत, त्यात किती बारकाई आहे हे रोज तोच डोंगर काढणाऱ्याला आपोआप कळते. महिन्यातून एकदा सहलीला जाऊन चित्र करणाऱ्याला मात्र सगळा हिवाळा एकाच पिवळ्या रंगाचा दिसतो.

आणि आपल्या हिवाळ्यात पांढरा रंग अजिबात नाही, असेही नाही. उसाचा तुरा पाहावा. नोव्हेंबर-डिसेंबरात फडावर तुरे येतात. सूर्य त्यांच्या मागे असला की ते रुपेरी दिसतात आणि त्यांच्या पाठीमागचा डोंगर सावलीत निळा-जांभळा असतो. हा तुरा रंगाने काढता येत नाही. डोंगराचा गडद रंग भरताना तुऱ्याची जागा सोडावी लागते, ब्रश जवळजवळ कोरडा करून त्याच्या कडेने हलकेच ओढावा लागतो, म्हणजे कागदाच्या खरबरीत पोतावर रंग अडकतो आणि तुऱ्याची पिसे मोकळी राहतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणाने डोंगर साधतो. तुऱ्याच्या देठाकडे ऑकरचा एक पुसट स्पर्श पुरतो. बर्फाच्या चित्रात कागद सोडणे सोपे, कारण पांढऱ्या भागाच्या कडा सरळसोट असतात; तुऱ्याची कड सोडायला शिकायला मात्र एक सगळा हंगामही अपुरा पडतो. शेतकऱ्याला हा तुरा आवडत नाही, हेही सांगितले पाहिजे. तुरा आला की उसाची वाढ थांबते आणि तोड लांबली तर वजनही घटते. चित्रकाराने फडाच्या बांधावर बसून ‘काय सुंदर तुरे आहेत’ असे मोठ्याने म्हणू नये, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

तसेच धुक्याचे. कृष्णेच्या पात्रावर आणि धोम धरणाच्या बाजूला सकाळी जे धुके असते ते रंगवायला वेट-इन-वेट पद्धतीच लागते: रुंद ब्रशने सगळा कागद ओला करायचा, कोबाल्ट ब्लूमध्ये किंचित लाइट रेड घालून केलेली करडी छटा वरून खाली सोडायची आणि डोंगराची रेघ त्या ओल्यातच विरघळू द्यायची. पुढची पायरी कधी घ्यायची, हे घड्याळ सांगत नाही. कागद तिरपा धरून पाहिला की त्यावरची चकाकी दिसते. ती असताना दुसरा रंग लावला तर तो पसरून नाहीसा होतो, ती पूर्ण गेल्यावर लावला तर कड कडक येते, आणि ती नुकतीच मावळत असताना ब्रशमध्ये पाणी जास्त राहिले तर आधीचा रंग ढकलला जाऊन वेड्यावाकड्या कडा फुटतात. मधला जो क्षण आहे तो डिसेंबरच्या सकाळी सात वाजता बराच लांबतो, कारण हवा गार आणि ओलसर असते. तोच जानेवारीतल्या दुपारी अकरा वाजता पापणी लवायच्या आत निघून जातो, कारण आपल्या पठारावरची हिवाळी दुपार अत्यंत कोरडी असते. म्हणजे एकाच दिवसात, एकाच कागदावर, पाण्याचे दोन निरनिराळे हिशेब शिकावे लागतात. सकाळी धुके आणि दुपारी ड्राय ब्रशने गवत, असा क्रम या हवेनेच घालून दिला आहे. मोबाइलवरचा फोटो समोर ठेवून दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला हा हिशेब शिकवणार कोण?

उजेडाचीही गोष्ट अशीच आहे. वाई विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १८ अंशांवर आहे. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास इथे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि निसर्गचित्रातले सगळे आकार सपाट होतात. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र ऐन माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर असतो, म्हणजे उभ्या माणसाची सावली जवळजवळ त्याच्याच उंचीइतकी पडते. डोंगराच्या सोंडा, देवळाचे कंगोरे, बैलगाडीची चाके, सगळ्यांना दिवसभर एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू असते. उन्हाळ्यात चित्रकाराला सकाळ-संध्याकाळचे दोन तुकडे मिळतात, हिवाळ्यात अख्खा दिवस मिळतो. रोज करण्यासाठी हाच ऋतू निवडावा, हे लेखकाचे म्हणणे म्हणूनच बरोबर आहे; फक्त त्याचे कारण लेखात सांगितलेले ‘मूड’ हे नसून सूर्य हे आहे. रोज एकाच जागी बसणाऱ्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात येते: डिसेंबरच्या अखेरीस दिवस मोठा होऊ लागला तरी सकाळी सूर्य उगवण्याची वेळ जानेवारीच्या मध्यापर्यंत पुढेच सरकत राहते. वाढ होते ती संध्याकाळच्या बाजूला. हे भूगोलाच्या पुस्तकात असते, पण ठरलेल्या वेळी मेणवलीच्या घाटावर बसून पहिले ऊन पायरीवर येण्याची वाट पाहणाऱ्याला ते बोटे गारठवून कळते.

संध्याकाळी सहानंतर खोऱ्यात निळ्या धुराची एक आडवी पट्टी दिसते. गार हवा जड असल्याने तळाशी बसते, वरची हवा तिच्याहून उबदार राहते आणि चुलींचा, शेकोट्यांचा, गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर त्या झाकणाखाली अडकून पसरतो. पट्टीच्या वर डोंगरमाथा स्वच्छ दिसतो आणि खाली गाव पुसट. दूरचे ते फिके आणि जवळचे ते गडद, हा शाळेत शिकवलेला नियम इथे उलटा होतो, आणि तो तसा उलटा का करायचा हे पोराला बांधावर उभे करून दाखवले की एकदाच सांगावे लागते.

फोटोवरून काम करू नये, असे मी सरसकट म्हणत नाही. पण मोबाइलचा कॅमेरा हिवाळ्याच्या बाबतीत विशेष अन्याय करतो. धुके त्याला दोष वाटतो, म्हणून तो ते छाटून चित्र ‘सुधारतो’. सावल्यांमधला निळा रंग एक तर काळा होतो किंवा उजळून राखाडी होतो. आणि गवताचा ऑकर भडक नारिंगी होऊन बसतो. अशा फोटोवरून शिकलेली नजर मग खऱ्या डोंगरातही नारिंगी शोधू लागते.

आपल्याकडे जागेवर बसून चित्र करण्याची परंपरा थोडीथोडकी नाही. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पारदर्शक जलरंगाची रीत इंग्लंडहून आली, हे खरे. पण ती शिकून बाहेर पडलेल्यांनी ती इथल्या उजेडाला जुळवून घेतली. आबालाल रहिमान जे. जे.त शिकले आणि मुंबईत न थांबता कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि १९३१ मध्ये निधन होईपर्यंत कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ हाच परिसर ते पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. विषय संपतो तो पाहणाऱ्याचा, जागेचा नव्हे, याचा याहून मोठा पुरावा मला तरी दुसरा दाखवता येणार नाही. आजही डिसेंबर-जानेवारीत कलामहाविद्यालयांच्या सहली वाईला आणि नाशिकच्या गोदाघाटावर येतात, तेव्हा घाटाच्या पायऱ्या मुलामुलींनी भरून जातात. त्यांचे कौतुक करूनही एक गोष्ट सांगावीशी वाटते: सगळ्यांचे तोंड देवळाकडे असते. ढोल्या गणपतीचे देऊळ दरवर्षी शेकड्याने रंगवले जाते. मान वळवून पाठीमागचा पसरणीचा घाट आणि त्याच्या पायथ्याची शेते पाहणारे विरळाच. अलीकडे तिथे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरलेल्या प्लास्टिकवर सकाळचे आकाश पट्ट्यापट्ट्यांनी उमटलेले दिसते. ते देखणे आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण आजचा हिवाळा तो आहे.

‘आम्ही शहरात सदनिकेत राहतो, डोंगर आणायचा कुठून?’ हा प्रश्न येणार, याची मला कल्पना आहे. खिडकी पुरते. मुंबईत हिवाळ्यात वारा मंदावला की धूळ आणि धूर साचून राहतात आणि इमारतींच्या रांगा एकामागून एक फिक्या होत जातात; फुप्फुसांना ते अपायकारक असले तरी टोन, म्हणजे रंगाचा फिकेगडदपणा, शिकायला तसा धडा दुसरा नाही. पुण्यातल्या एखाद्या गच्चीवरून समोरची पाण्याची टाकी, त्यामागचे पानगळीला आलेले शिरिषाचे झाड आणि त्याच्या वाळक्या शेंगा दिसत असतील, तर तेवढ्यावर महिना निघतो. रोज अर्धा तास, पोस्टकार्डाएवढा कागद, पाठीवर तारीख, वेळ आणि ठिकाण. इतके बस आहे. क्वार्टर शीट, म्हणजे पूर्ण ताव्याचा चौथा भाग, रविवारसाठी राखून ठेवावी. साहित्याचा बाऊ करू नये. आठ रंग, एक रुंद आणि एक टोकदार ब्रश पुरतो. मात्र कागदात काटकसर करू नये, कारण वहीचा पातळ कागद पाणी पडताच फुगतो आणि दोष आपल्या हाताचा वाटू लागतो. १९४० पासून पुण्यात असलेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा हाताने बनवलेला कागदही रोजच्या सरावाला उपयोगी पडतो. पाणी शोषण्याची त्याची सवय मात्र आधी एका तुकड्यावर पाहून घ्यावी.

मुलांच्या बाबतीत हा विषय अधिक गंभीर आहे. शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, स्मरणचित्राचा पेपर असतो. जागेवर बसून निसर्गचित्र करण्याचा नसतो. मुलाने स्मरणातून चित्र काढावे ही अपेक्षा चांगलीच आहे, पण स्मरणात आधी काही साठलेले असले पाहिजे. हिवाळा म्हटल्यावर फलटणच्या मुलाला भेटकार्डावरचा बर्फ आठवतो आणि रोज शाळेत जाताना दिसणारा उसाचा फड, ऊसतोड कामगारांच्या कोप्या, हुरड्याला आलेला शाळू आठवत नाही, याचा अर्थ त्याला ते कोणी चित्राचा विषय म्हणून दाखवलेलेच नाही. याला जबाबदार मूल नाही. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळा, गृहपाठ म्हणून छापील चित्राची नक्कल मागणारे माझे काही व्यवसायबंधू, आणि क्षमा करावी, पण बर्फाच्याच चित्रांना बक्षीस देणाऱ्या पुरवण्या, यांचा त्यात वाटा आहे.

म्हणून आपल्याकडे दोन मागण्या करतो. या थंडीत संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंत पुरवणीच्या बालविभागात दर आठवड्याला फक्त प्रत्यक्ष पाहून केलेली चित्रे छापावीत आणि प्रत्येक चित्राखाली मुलाच्या नावाबरोबर चित्राची जागा, तारीख आणि वेळ द्यावी. ‘बार्शी, घरामागचा ज्वारीचा तुकडा, सकाळी साडेसात’ एवढे छापले तरी दुसऱ्या गावचे मूल आपल्या घरामागे काय आहे ते पाहायला जाईल. दुसरी मागणी अशी की त्याच जागेचे चित्र त्याच मुलाकडून महिन्याने पुन्हा मागवावे आणि दोन्ही शेजारी-शेजारी छापावीत. चित्रे मळकट असतील, रंग कागदाबाहेर गेलेले असतील, गवताचा पिवळा चुकलेला असेल. ती तशीच छापावीत, संगणकावर उजळू नयेत. परीक्षण करायला कोणी हवे असल्यास मी विनामोबदला तयार आहे. माझा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक आपल्या माहितीसाठी सोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे, तो प्रसिद्ध करू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, वाई